‘पळून गेली’ हा शब्द आणि तीस दिवसांची नोटीस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका निवृत्त गृहस्थांचे पत्र प्रसिद्ध झाले. खेड्यातली साधीभोळी मुलगी शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने शहरात जाते, तिथे तिला कोणीतरी भुरळ घालतो आणि आईवडिलांना सुगावा लागेपर्यंत लग्न उरकलेले असते, म्हणून प्रेमविवाहाला पालकांची लेखी संमती कायद्याने सक्तीची करावी, असा त्या पत्राचा आशय होता. ही मागणी नवी नाही. अधूनमधून एखादी ग्रामसभाही तसा ठराव करते आणि त्याची बातमी होते. पत्रलेखकांच्या काळजीविषयी मला शंका नाही. मात्र ‘साधीभोळी’ या शब्दापाशी मी अडखळले, कारण ज्या मुलीबद्दल ते लिहीत आहेत ती पन्नास वर्षांपूर्वी मीच होते, आणि गेली बावीस वर्षे तशाच मुली पुण्यातल्या माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत आल्या आहेत.

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झाले ते १९७२ साल, म्हणजे दुष्काळाचे. निकाल लागला तेव्हा मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि तिथे मिळणारी सुकडी धाकट्या भावंडांसाठी घरी आणत होते. मुकादम बायकांच्या हजेरीत आठवड्याला एक दिवस कमी लावतो, हे मला मस्टर वाचता येत असल्यामुळे कळले, तेव्हा मी ते मस्टर त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावले. त्याने दिवस भरून दिला, आणि संध्याकाळी वडिलांनी माझ्या आगाऊपणाबद्दल मला भरपूर बोलून घेतले. सांगायचे एवढेच, की गावाकडची मुलगी एसटीतून उतरते तेव्हा तिची पाटी कोरी नसते. माणूस माणसाला कसा फसवतो हे तिने शेतमालाच्या काट्यावर, उधारी देणाऱ्याच्या ओसरीवर आणि पुष्कळदा स्वतःच्या घरातही पाहिलेले असते. शहरातल्या मुलीपेक्षा तिला काही कमी येत असेल, तर ते इंग्रजी.

मावशीच्या आधाराने मी पुण्यात आले आणि १९७५ मध्ये पोस्ट व तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. बाहेरगावी बोलायचे तर तेव्हा ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साध्या कॉलला तासन्‌तास थांबावे लागे, ‘अर्जंट’ला दुप्पट पैसे पडत, आणि तीन मिनिटे संपली की आम्ही मध्येच बोलून ‘वाढवायचा का?’ असे विचारत असू. एका छापखान्यातून रोज संध्याकाळी असा कॉल नोंदवला जाई. बोलणारे गृहस्थ तिथले कंपोझिटर, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते, आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना प्रुफांतल्या शंका विचारण्याचे काम त्यांच्याकडे होते. माझ्या बोलण्यात त्या वेळी ‘ण’ नव्हता. एकदा बराच वेळ लाइन मिळेना, तेव्हा ते म्हणाले, “बाई, आमच्या केसमध्ये ‘ण’चे खिळे भरपूर आहेत. तुमच्या एक्स्चेंजला थोडे पाठवून देऊ का?” मी म्हणाले, “राहू द्या तुमच्याकडंच. आमच्या हिरीचं पानी ‘ण’ नसूनबी तुमच्या नळापरीस गोड हाय.” आणि त्यांचा कॉल मी रांगेत शेवटी टाकला. हे खात्याच्या नियमात बसत नव्हते हे आज कबूल करते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नंबर सांगण्याआधी क्षमा मागितली. चूक झाली असे म्हणणारा पुरुष मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता.

त्यानंतर आम्ही प्रत्यक्ष भेटायला तीन महिने गेले आणि लग्नाचा विषय निघायला दीड वर्ष. मधल्या काळात ग्राहकाशी कामाशिवाय बोलल्याबद्दल मला एक मेमोही मिळाला. सायकल त्यांची असे, पण चढ आला की ते दमत, म्हणून पायडल मी मारायची आणि ते मागे कॅरिअरवर बसायचे. डबलसीटबद्दल आम्हाला एकदा लकडी पुलाजवळ हवालदाराने अडवले, तेव्हा दंड बसलेल्याच्या नावावर फाडायचा की चालवणारीच्या, हे त्याला बराच वेळ ठरवता येईना. या दीड वर्षात मी त्यांना पाहिले म्हणजे नेमके काय पाहिले, ते पत्रलेखकांना सांगावेसे वाटते. हॉटेलातल्या पोऱ्याशी ते कसे बोलतात, पगाराच्या दिवशी कुठे जातात, उसने दिलेले पैसे कसे मागतात, मी ‘नाही’ म्हटले की त्यांचा चेहरा कसा होतो, हे सगळे मी सावकाश पारखून घेतले. माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या नवऱ्याबद्दल यातले काहीही माहीत नव्हते. तिचा दाखवण्याचा कार्यक्रम अर्ध्या तासात झाला होता आणि त्यात तिने मान वर केली नव्हती. शहरातले प्रेम म्हणजे उतावळेपणा, असे मानणाऱ्यांनी या दोन पद्धतींत घाई कोणत्या पद्धतीला आहे ते एकदा मोजून पाहावे.

आमची जात वेगळी होती, आणि धार्मिक विधी दोघांनाही नको होते. म्हणून १९७८ मध्ये आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवले. या कायद्यातले एक कलम ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. इच्छुक वधूवरांनी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती कार्यालयात ठळक जागी लावायची आणि तीस दिवस कोणाची हरकत येते का याची वाट पाहायची. इतके बहुतेकांना माहीत असते. पण दोघांपैकी कोणाचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर त्या नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवली जाते आणि तिथेही ती लावली जाते. म्हणजे पुण्यात जन्मलेल्या, पुण्यात राहणाऱ्या मुलीची नोटीस पुण्यातल्या भिंतीवर हजार कागदांत हरवून जाते. गावाहून आलेल्या मुलीची मात्र टपालाने तिच्या गावाकडे रवाना होते. जिने सर्वांत लांबचा प्रवास केला, तिच्याच मागे सरकार माणूस धाडते, असा याचा व्यवहारातला अर्थ होतो.

माझी नोटीस तिकडच्या कार्यालयात लागली, ती आमच्या भावकीशी संबंध असलेल्या एका कारकुनाने वाचली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ती गावात तोंडी पोहोचली. मी वडिलांना एक पत्र आधीच पाठवले होते. त्यांनी ते वाचले होते आणि कोणाला न सांगता देव्हाऱ्यामागे ठेवून दिले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. ते मला कळवण्याआधी विचार करीत होते. पण बातमी पारावर आल्यावर विचार करण्याची मुभा त्यांना राहिली नाही. चुलत्यांनी बैठक बोलावली आणि ‘पोरगी आवरता येत नाही का’ हा प्रश्न चारचौघांत त्यांना विचारला. चुलत्यांनी मी अल्पवयीन असल्याची हरकतही घेतली. मी तेव्हा २३ वर्षांची होते आणि केंद्र सरकारच्या नोकरीत होते. शाळा सोडल्याचा दाखला दाखवून हरकत फेटाळली जाईपर्यंत आणखी दिवस गेले. शेवटी माझ्या बोर्डावरच्या तीन मैत्रिणी साक्षीदार झाल्या आणि लग्न लागले. वडील दोन वर्षांनी ज्वारीचे पोते घेऊन आले. ‘पत्र घरात होतं तोवर माझं होतं, पारावर गेल्यावर माझं राहिलं नाही,’ असे ते यजमानांना म्हणाले.

पत्रलेखकांना पालकांची काळजी वाटते, म्हणून हा प्रसंग इतक्या विस्ताराने लिहिला. ही नोटीस आईबापांना मुलीचा निर्णय कळावा म्हणून असते, असे समजणे चुकीचे आहे. आईबापांना तो पुष्कळदा आधीच ठाऊक असतो किंवा त्यांनी तो ओळखलेला असतो. नोटीस पोहोचते ती भावकीला, आणि एकदा भावकीच्या हाती कागद लागला की बापाला मुलीवर रागावून पुन्हा तिला जवळ घेण्याची जी खासगी जागा असते, ती नाहीशी होते.

हे जुन्या काळचे झाले, असे कोणी म्हणेल. अलीकडचा एक अनुभव, संबंधित मुलीच्या परवानगीने आणि तिचे गाव-आडनाव वगळून, लिहीत आहे. दुष्काळी तालुक्यातली ही मुलगी राज्यसेवेच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आली. घरी डाळिंबाची बाग, आणि ट्रॅक्टर चालवण्याची तिला लहानपणापासून सवय. आल्या आठवड्यातच तिने गल्लीतल्या पाण्याच्या टँकरवाल्याला टँकर मागे कसा घ्यावा हे शिकवले. पेठांतल्या अभ्यासिका आपल्या वाचकांना परिचित असतील: सकाळी सहाला जागा धरायची, रात्री अकराला उठायचे, मधे दोन वेळा चहा आणि एकदा मेस. तिच्या शेजारच्या टेबलावर खानदेशातला एक मुलगा बसत असे. त्यांची ओळख झाली ती उत्तरे तपासून देण्यावरून. तो तिचे निबंध तपासी, ती त्याची अर्थशास्त्राची उत्तरे तपासी आणि लाल शाईने इतकी निर्दयपणे खोडी की तो बिचारा आठवडाभर जागा बदलून बसला होता, असे तिनेच मला हसत सांगितले. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. त्या संध्याकाळी गाडीवर भुर्जी-पाव खायचा आणि झेड पुलावर चालत जाऊन परत यायचे, इतकाच त्यांचा खर्च आणि इतकीच त्यांची चैन. शहराने त्यांना दिले ते एवढेच, की त्या पुलावर कोणी त्यांना ‘कोणाची गं तू?’ असे विचारले नाही.

दोन वर्षांनी त्यांनी लग्न ठरवले. जात वेगळी होती, आणि तिने घरी स्वतः जाऊन सांगितले. वडील ‘बघू’ म्हणाले. गावाकडचा ‘बघू’ हा नकार नसतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. इकडे प्रत्येकाने त्यांना एकच सल्ला दिला: आळंदीला जाऊन मोकळे व्हा. दोघेही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्याने विधिपूर्वक लग्न लावण्याआधी कोणतीही नोटीस लावावी लागत नाही. नोंदणी नंतर होते. म्हणून इंद्रायणीकाठच्या मंगल कार्यालयांत एका सकाळीत लग्ने लागतात, त्यात मला काही गैर दिसत नाही. पण या मुलीला ते पटेना. ‘चोरी केली नाही, तर चोरासारखं लगीन का करू?’ असे तिचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी नोंदणीची, उघड, कायदेशीर वाट धरली.

नोटीस तिच्या जिल्ह्याच्या कार्यालयात लागल्यावर चौथ्या दिवशी त्या नोटिशीचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर होता. माझ्या वेळी बातमीला बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावे लागले होते. त्या रात्री अकरा वाजता सहा माणसे जीपने आमच्या दारात आली; वडील त्यांत होते, पण सर्वांत मागे. मुलगी स्वतः खाली उतरली, तिने सगळ्यांना बसवले, पाणी दिले, आणि पहाटे तीनपर्यंत एकटीने उत्तरे दिली. मी दाराशी फोन हातात धरून उभी होते, ११२ हा क्रमांक लावायच्या तयारीत. ती वेळ आली नाही. पण उरलेले दिवस तिला दुसऱ्या शहरात मैत्रिणीकडे काढावे लागले आणि मुख्य परीक्षेचे दोन पेपर बुडाले. लग्न झाले, साक्षीदारांत मी होते. ते दोन वर्षांचे काम कोणी भरून देणार नाही. या कायद्यात खोडसाळ हरकतीबद्दल जास्तीत जास्त एक हजार रुपयांची भरपाई आहे, आणि ती रक्कम १९५४ पासून तेवढीच आहे. नुसता फोटो काढून पाठवणाऱ्याला तर तेवढीही झळ लागत नाही.

ही मुले निदान आळंदीला जाऊ शकली असती. भिन्न धर्मांच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करायचे असेल तर बहुतेक वेळा हाच कायदा उरतो आणि हेच तीस दिवस. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने अशा विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. आरंभी तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते, ते टीकेनंतर काही दिवसांतच वगळण्यात आले. दुसरीकडे हेच शासन ठरावीक आंतरजातीय जोडप्यांना ५० हजार रुपयांचे प्रोत्साहन अनुदान देते. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरीही २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातले असे विवाह सुमारे पाच टक्केच आढळले. अनुदान वाढवण्याआधी भिंतीवरचा कागद उतरवला तर जास्त उपयोग होईल, असे माझे मत आहे.

न्यायालयांनी याबाबतीत पावले टाकली आहेत. नोटीस घरच्या पत्त्यावर धाडण्याची तरतूद या कायद्यात नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाला संमती दिल्यावर कुटुंबाची, समाजाची किंवा कुळाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात सांगितले आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे व जिल्हावार विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश राज्यांना दिले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे हे त्या जोडप्याच्या इच्छेवर राहील, असा निर्णय दिला. केरळ सरकारने २०२० मध्ये अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणे बंद केले, कारण तिथेही अर्जांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरवली जात होती. कायद्यातले मूळ कलम मात्र जागेवरच आहे, आणि ते बदलणे संसदेचे काम आहे. पत्रलेखकांची पालक-संमतीची मागणी २०१८ च्या निकालाशी थेट विसंगत आहे, हेही नमूद करते.

नोटिशीमुळे आधीच विवाहित असलेले ठक उघडे पडतात, असा एक युक्तिवाद केला जातो. तो मी हलक्याने घेत नाही. बावीस वर्षांत वरच्या मजल्यावरची एक मुलगी तशी फसताना मी पाहिली आहे, आणि तिला वाचवले ते तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने, कोणत्याही फलकाने नव्हे. पहिला जोडीदार हयात असल्याचे लपवून लग्न करणे हा गुन्हा आहेच. विवाह अधिकाऱ्याने कागदपत्रे तपासावीत, खोटे प्रतिज्ञापन करणाऱ्याला शिक्षा व्हावी. त्यासाठी मुलीचा पत्ता भिंतीवर लागण्याची गरज नाही. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांना हा फलक लागत नाही, म्हणून ती सारी लग्ने ठकांची होतात असे कोणी म्हणत नाही.

शहरात मुलींना धोका नसतो, असेही माझे म्हणणे नाही. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी मध्ये पडून तिला वाचवले. त्यानंतरच्या महिन्यात आमच्याकडच्या तीन मुलींना घरचे परत घेऊन गेले. पण तो हल्ला प्रेम केल्यामुळे झाला नव्हता, नकार सहन न झाल्यामुळे झाला होता. ज्यांना मुलीचा ‘हो’ मान्य नसतो, त्यांना तिचा ‘नाही’ही मान्य नसतो, मग ते कोयता घेऊन येणारे असोत की जीप घेऊन.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. १८ वर्षे पूर्ण झालेली मुलगी स्वेच्छेने लग्न करते, तेव्हा आपल्या जिल्हा पानांवर ‘तरुणी पळून गेली’, ‘फूस लावून पळवले’ असे मथळे येतात. अशा बातम्या मी गेल्या तीन महिन्यांत कापून ठेवल्या. त्या अकरा भरल्या, आणि त्यांतल्या आठ बातम्यांच्या मजकुरात मुलगी सज्ञान असल्याचे आपल्याच वार्ताहराने लिहिले आहे. अल्पवयीन मुलीला नेणे हा अपहरणाचा गुन्हा आहे आणि त्याची बातमी तशीच द्यावी. पण सज्ञान बाई बसचे तिकीट काढून जाते, तेव्हा ती ‘गेली’ असे लिहावे. तिने लग्न केले असेल तर ‘लग्न केले’ असे लिहावे. कात्रणे या पत्रासोबत जोडली आहेत.

आपली,
टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली एक वाचक,
पुणे

ता. क. – हे पत्र टपालात टाकण्यापूर्वी यजमानांनी जुन्या सवयीने तपासले आणि दोन ठिकाणी ‘न’चा ‘ण’ केला. तिसऱ्या ठिकाणी मी करू दिलेला नाही. विहिरीच्या वाक्यातला तो ‘न’ आहे. छापताना आपल्या मुद्रितशोधकांनीही तो तसाच ठेवावा.